शाळेत करिक्युलम मॅपिंगसाठी सॉफ्टवेअर निवडताना नेमकं काय तपासावं?

तुम्ही लिहिलंय की पहिली ते दहावीचं सगळं नियोजन सध्या एक्सेलच्या फायलींमध्ये विखुरलेलं आहे, तीन कंपन्यांचे डेमो पाहून झालेत आणि तिन्हींचे रिपोर्ट सारखेच छान वाटतायत. करिक्युलम मॅपिंग म्हणजे कोणत्या इयत्तेत, कोणत्या विषयात काय, कधी शिकवलं आणि कसं तपासलं याचा नकाशा. मी शाळेत अ‍ॅकॅडमिक कोऑर्डिनेटर म्हणून हेच काम सांभाळते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

रिपोर्ट तूर्त बाजूला ठेवा. डेमोतली माहिती कंपनीने आधीच भरून ठेवलेली असते, त्यामुळे तक्ते चांगले दिसणारच. तुमच्या शाळेत ती माहिती विषय शिक्षक भरणार, तेही पेपर तपासणी आणि निकालाची कामं उरकून. घोडं अडतं ते इथेच. पुढच्या डेमोत एका शिक्षकाला स्वतः संगणकावर बसवा आणि एक खरा घटक भरायला सांगा: उपघटक, अध्ययन निष्पत्ती (म्हणजे शिकून झाल्यावर मुलाला काय यायला हवं), तासिका, मूल्यमापन. मग म्हणा, चार तासिकांचा भाग सहा तासिका चालला आणि एक प्रयोग राहून गेला, तर ते नोंदवा. तेवढ्यासाठी तीन स्क्रीन उघडाव्या लागल्या, तर दिवाळीनंतर त्यात कोणी काही भरणार नाही.

या नोंदीवर मी एवढा भर देते, कारण मॅपिंगचा जन्मच त्यातून झाला. फेनविक इंग्लिश यांनी १९८०च्या सुमारास ही कल्पना मांडली ती लेखी अभ्यासक्रम आणि वर्गात प्रत्यक्ष शिकवलेला अभ्यासक्रम यांत अंतर पडतं म्हणून. पुढे हायडी हेज जेकब्स यांनी शिक्षकांनीच महिन्यांनुसार नकाशा तयार करण्याची पद्धत रुजवली. नुसतं वार्षिक नियोजन साठवणारं सॉफ्टवेअर म्हणजे महागडं कपाट.

दुसरी तपासणी शोधाची. ‘आलेख’ असा शब्द टाकून सगळ्या इयत्ता आणि सगळे विषय एकत्र दिसतात का? समजा विज्ञानात पहिल्या सत्रात अंतर-काळ आलेख काढायला सांगितलाय आणि गणितात आलेखाची ओळखच दुसऱ्या सत्रात आहे. मग विज्ञानाच्या बाई आपल्या तासाला आधी अक्ष आणि प्रमाण शिकवत बसतात, आणि मुलं ‘कच्ची’ ठरतात. दोन्ही विषयांचं नियोजन आपापल्या जागी बरोबर असतं. चूक दिसते ती दोन्ही शेजारी ठेवल्यावर. हे एका स्क्रीनवर दिसत नसेल, तर बाकीच्या सोयींना माझ्या लेखी अर्थ नाही.

त्याला जोडूनच, ‘इतके टक्के निष्पत्ती पूर्ण’ या आकड्यावर भाळू नका. एकदा टिक केलं की तो वाढतो. निष्पत्तीची फक्त ओळख झाली, सराव झाला की मूल्यमापनही झालं, हे वेगवेगळं नोंदवता आलं पाहिजे. दोन वर्षं सराव चाललाय आणि एकाही चाचणीत त्यावर प्रश्न नाही, अशी जागा मग लगेच सापडते.

निष्पत्ती हाताने टाइप कराव्या लागतात का, तेही विचारा. निष्पत्तींची यादी एका सॉफ्टवेअरमधून दुसऱ्यात थेट घेता यावी, यासाठी वन-एड-टेक (1EdTech) या संस्थेचं केस (CASE) नावाचं मानक आहे. त्यात प्रत्येक निष्पत्तीला स्वतंत्र ओळख क्रमांक असतो. बोर्डाने शब्दरचना बदलली तर जुन्या जोडण्या टिकतात की नव्याने कराव्या लागतात, हे कंपनीकडून करून दाखवून घ्या.

नावांचं म्हणाल, तर आयबी (इंटरनॅशनल बॅकलॉरिएट) शाळांमध्ये मॅनेजबॅक आणि टॉडल बरेच चालतात, आणि अ‍ॅटलस खास मॅपिंगसाठीच बनवलेलं आहे. शाळा लहान असेल आणि शिक्षक आठवड्याला एकत्र बसत असतील, तर नीट बांधलेली एक सामायिक गूगल शीटही पुरते. हे मी मनापासून सांगते.

करार करण्याआधी सगळा नकाशा एक्सपोर्ट करून मागा. पीडीएफ चालणार नाही. सीएसव्ही किंवा एक्सेल हवं, आणि कोणता घटक कोणत्या निष्पत्तीला जोडलाय ते त्या फाइलमध्ये दिसलं पाहिजे. सेवा बंद केल्यावर ही फाइल किती दिवस मिळत राहील, ते करारात लिहून घ्या.