युद्धगुन्ह्यांच्या खटल्यांत काम करायचे आहे, पण मनाला झेपेल का?

तीन वर्षांपूर्वी विधी अभ्यासक्रमाच्या चौथ्या वर्षातील एक विद्यार्थिनी वडिलांसोबत सल्ल्यासाठी माझ्याकडे आली. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) युद्धगुन्हेगारांवर खटले चालवणाऱ्या अभियोग पक्षात काम करायचे, असे तिने ठरवले होते. वडील म्हणाले, "मॅडम, भारत हेगच्या न्यायालयाचा सदस्यच नाही, मग हिला घेणार कोण? आणि घेतलेच, तर रोज कत्तलींची वर्णने वाचून हिच्या मनाचे काय होईल?"

पहिली शंका रास्त होती. द हेग येथील आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालय ज्या रोम संविधीने, म्हणजे आंतरराष्ट्रीय कराराने, स्थापन झाले, तिच्यावर भारताने सही केलेली नाही. त्यामुळे भारतीयांसाठी दार बंद नसले तरी अरुंद आहे, आणि इंग्रजीच्या जोडीला फ्रेंच येत असेल तर ते थोडे रुंदावते. शिवाय असे खटले केवळ हेगमध्येच चालतात असे नाही. सीरियातील छळाबद्दल तिथल्या एका माजी गुप्तचर अधिकाऱ्याला २०२२ मध्ये जन्मठेप झाली, ती जर्मनीतील कोब्लेंझच्या न्यायालयात.

दुसऱ्या प्रश्नावर मात्र मी थांबले. या कामाचे कोणते चित्र डोळ्यांसमोर येते, असे विचारल्यावर ती उत्साहाने न्यायपीठापुढील युक्तिवादाबद्दल बोलू लागली. तेव्हा मी तिला अकायेसू खटल्याची हकीकत सांगितली. रवांडातील १९९४ च्या वंशसंहाराबद्दल टांझानियातील आरुशा येथे अकायेसू या स्थानिक प्रशासकावर खटला चालला, तेव्हा मूळ आरोपपत्रात बलात्काराचा उल्लेखही नव्हता. साक्षीच्या ओघात एका स्त्रीने आपल्या लहान मुलीवरील अत्याचार सांगितला. न्यायाधीशांनी, ज्यांत नवनीतम (‘नवी’) पिल्लै या एकट्याच स्त्री होत्या, त्याबद्दल पुढे विचारणा केली. जून १९९७ मध्ये आरोपपत्र दुरुस्त झाले, आणि २ सप्टेंबर १९९८ रोजी बलात्कार हेही वंशसंहाराचे कृत्य ठरू शकते, असा निकाल लागला. या कामाचा गाभा मला युक्तिवादापेक्षा अशा ऐकण्यात दिसतो.

विद्यार्थिनी बराच वेळ गप्प राहिली आणि मग म्हणाली, "त्या आईला ते पुन्हा सांगताना काय झाले असेल?" तिच्याविषयी माझा विश्वास बसला तो या प्रश्नामुळे.

मी वडिलांना सांगितले की, दुसऱ्याचे दुःख सतत ऐकणाऱ्याची झोप उडणे, घरच्यांवर चिडचिड होणे हा दुबळेपणा नव्हे. ते वेळीच ओळखून बोलता आले पाहिजे. तिला मी सनद मिळाल्यावर दोन-तीन वर्षे सत्र न्यायालयात फौजदारी काम करण्याचा सल्ला दिला, कारण घाबरलेल्या साक्षीदाराला बोलते करणे आणि शवविच्छेदनाचा अहवाल वाचणे तिथेच शिकता येते, आणि आपले मन किती सोसते हेही तिथेच कळते.

सध्या ती एका ज्येष्ठ वकिलांच्या हाताखाली काम करते आणि संध्याकाळी फ्रेंच शिकते. मध्यंतरी बाल अत्याचाराच्या एका खटल्याने तिचे जेवणखाण सुटले, तेव्हा कोणी न सांगता ती स्वतःच माझ्याकडे आली. आम्ही चार वेळा भेटलो. त्यानंतरच्या सुनावणीला ती हजर होती.