बरणीतलं डिझेल गेलं कुठे?

सप्रेम आशीर्वाद.

डिझेलने बिघडलेली माती जिवाणूंकडून साफ करून घेण्याच्या तुझ्या प्रयोगाचा आराखडा दोनदा वाचला. बरण्यांत डिझेल मिसळलेली माती, त्यात सोडलेले जिवाणू, साठ दिवसांनी पुन्हा मोजणी, आणि जेवढं डिझेल कमी भरेल तेवढं जिवाणूंच्या खात्यावर जमा. हा शेवटचा हिशेब मला खटकला. डिझेल कमी होणं आणि ते जिवाणूंनी खाल्लेलं असणं, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. हलका भाग हवेत उडतो. काही भाग मातीच्या कणांत इतका खोल मुरतो की मातीतून डिझेल काढणाऱ्या द्रावकालाही सापडत नाही. काही काचेला आणि झाकणाला चिकटून राहतो. या वाटांनी किती गेलं ते आधी मोजायला हवं.

म्हणून पहिली बरणी मेलेल्या मातीची. माती १२१ अंश सेल्सिअसला तासभर, असं लागोपाठ तीन दिवस ऑटोक्लेव्ह कर, म्हणजे दाबाखालच्या वाफेत निर्जंतुक कर. तीनदा अशासाठी, की पहिल्या उष्णतेत तग धरलेले बीजाणू मधल्या काळात अंकुरतात आणि पुढच्या फेरीत मरतात. डिझेल मात्र त्यानंतर मिसळ, नाहीतर हलका भाग ऑटोक्लेव्हमध्येच उडून जाईल. प्रयोग लांबला की माती पुन्हा जीव धरते, म्हणून १०० ग्रॅम मातीला ०.२ ग्रॅम सोडियम अझाइड हे जंतू मारणारं रसायनही घाल. ते हाताळताना धूरकपाट आणि हातमोजे सोडू नकोस. आम्ल लागलं की त्यातून विषारी वाफ सुटते, आणि तांब्या-शिशाच्या नळातून वाहून गेलं तर स्फोटक संयुगं तयार होऊ शकतात. ही बरणी बाकीच्यांइतक्याच वेळा, तेवढाच वेळ उघडायची. तिच्यात जे घटेल ते उडालेलं आणि मुरलेलं. जिवाणूंचं काम त्याच्या पुढे सुरू होतं.

आराखड्यात स्यूडोमोनास या तेल खाणाऱ्या जिवाणूच्या संवर्धनावर दोन पानं आहेत आणि मातीच्या हवा-पाण्यावर दोन ओळी. हे उलट हवं. आनंद मोहन चक्रवर्ती यांच्या तेल पचवणाऱ्या जिवाणूला पेटंट मिळू शकतं, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८० मध्ये दिला, आणि त्यानंतर सगळ्यांचं लक्ष ‘कोणता जिवाणू’ याच प्रश्नाकडे लागलं. पण १९८९ मध्ये अलास्कात एक्सॉन व्हाल्डीझ जहाजाचं तेल किनाऱ्यांवर पसरलं, तेव्हा जैविक उपाय म्हणून मोठ्या प्रमाणावर टाकलं गेलं ते खत. तेल खाणारे जिवाणू तिथे आधीच होते, त्यांचं नत्र-स्फुरदापाशी अडलं होतं. जुन्या डागाळलेल्या मातीतही बहुधा हेच असतं. बाहेरून आणलेले, प्रयोगशाळेत लाडाकोडात वाढलेले जिवाणू तिथे फार काळ टिकत नाहीत. प्रोटोझोआ, म्हणजे मातीतले एकपेशी जीव, त्यांना खातात, आणि आधीची वस्ती त्यांना जागा देत नाही.

तरी संवर्धन घालायचंच असेल, तर पेशी सेंट्रिफ्यूज करून क्षारद्रावणात दोनदा धुऊन घे आणि तेवढ्याच पेशी मारून एका वेगळ्या संचात घाल. मेलेल्या पेशीही खताचं काम करतात. हा संच नसेल तर जिवंत पेशींमुळे किती फरक पडला, हे सांगताच येणार नाही. म्हणजे संच पाच झाले: मेलेली माती, नुसतं पाणी, खत, खत आणि जिवंत पेशी, खत आणि मेलेल्या पेशी. प्रत्येकी तीन बरण्या आणि पाच वेळा मोजणी धरली तर ७५ बरण्या. आकडा मोठा वाटेल, पण प्रत्येक वेळी अख्खी बरणी खर्ची घालायची आहे. एकाच बरणीतून पुन्हा पुन्हा चमचाभर माती काढत राहिलं तर तिच्यातली हवा, ओल आणि डिझेल, सगळंच बदलत जातं.

आता खत. एक किलो कोरड्या मातीत १० ग्रॅम डिझेल असेल तर त्यात कार्बन सुमारे ८.५ ग्रॅम. कार्बन, नत्र, स्फुरद यांचं १०० : १० : १ हे नेहमीचं प्रमाण धरलं तर नत्र ०.८५ ग्रॅम आणि स्फुरद ०.०८५ ग्रॅम लागेल. अमोनियम नायट्रेटमध्ये नत्र ३५ टक्के असतं, म्हणून ते २.४ ग्रॅम. इथपर्यंत तुझं गणित बरोबर आहे. चूक आहे ती सगळं खत पहिल्याच दिवशी घालण्यात. त्या किलोभर मातीत पाणी असेल १५० ग्रॅम. ०.८५ ग्रॅम नत्र त्यात विरघळलं तर एक किलो पाण्यामागे ५,६०० मिलीग्रॅमच्या वर जातं. साधारण २,००० च्या पुढे गेलं की क्षारांच्या ताणाने जिवाणूंचा श्वास मंदावू लागतो. खत घातलेली बरणी बिनखताच्या बरणीपेक्षा मागे पडण्याचं हे नेहमीचं कारण. पहिला हप्ता ०.२ ग्रॅम नत्राचा दे, आणि मातीतलं अमोनियम-नायट्रेट मोजून ते उतरलेलं दिसलं की पुढचा. मधूनमधून सामूही (पीएच) बघ, कारण अमोनियमचं नायट्रेट होताना माती आंबट होते. सामू ६ च्या खाली जाऊ देऊ नकोस.

पाणी किती, हे मातीलाच विचारायचं. गाळणकागद लावलेल्या नरसाळ्यात माती पूर्ण भिजव, वर झाकण ठेवून रात्रभर निथळू दे, मग १०५ अंशाला वाळवून वजनातला फरक काढ. माती धरू शकते त्याच्या निम्मं पाणी ठेव. हाताला ती वाफशावर आलेल्या रानासारखी लागली पाहिजे: मुठीत दाबली तर गोळा व्हावा, बोटाने टोचला तर फुटावा. चिबडलेल्या मातीत हवा शिरत नाही. डिझेलने माखलेली माती पाणी झिडकारते आणि थेंब वर मोत्यासारखे बसून राहतात, म्हणून पाणी एकदम ओतू नकोस, थोडं थोडं शिंपडून कालव. पुढे दर आठवड्याला बरणीचं वजन करून घटलेलं पाणी भरत राहा.

हवेचा हिशेब आराखड्यात मुळीच नाही. एक ग्रॅम डिझेल पूर्ण जाळायला जिवाणूंना जवळजवळ ३.४ ग्रॅम ऑक्सिजन लागतो. १०० ग्रॅम मातीच्या बरणीत तुझं एक ग्रॅम डिझेल आहे आणि एक लिटर हवेत ऑक्सिजन जेमतेम पाव ग्रॅमच्या आसपास. म्हणजे एकूण १२ लिटरच्या वर हवा लागणार. घट्ट झाकण लावून विसरलेल्या बरणीत काम काही दिवसांतच थंडावतं, आणि दोष जिवाणूंना लागतो. सुरुवातीला एक दिवसाआड पाच मिनिटं बरणी उघड.

बरणीत २० मिलीलिटर एक नॉर्मल तीव्रतेच्या कॉस्टिक सोड्याची वाटी ठेवलीस तर सुटलेला कार्बन डायऑक्साइड तिच्यात अडकेल. तो किती अडकला हे कळायला बेरियम क्लोराइड घालून फेनॉल्फ्थॅलिन या रंगसूचकावर हायड्रोक्लोरिक आम्लाने टायट्रेशन कर. ही वाटी १२० मिलीग्रॅम कार्बनला भरते, त्याच्या बरीच आधी बदलायची. बिनडिझेलची माती आणि रिकामी बरणी यांचेही आकडे वजा करावे लागतात. माती चुनखडीची असेल आणि आंबट होत असेल, तर चुनखडीतूनही हाच वायू येतो, हे ध्यानात ठेव.

जिवाणूंनी खाल्ल्याचा पुरावा मला सगळ्यात स्वच्छ दिसतो तो क्रोमॅटोग्रामवर, म्हणजे मातीच्या अर्कातले घटक वेगळे करून काढलेल्या आलेखावर. सतरा कार्बनच्या सरळ साखळीचं शिखर शोध. त्याला अगदी खेटून, किंचित मागे फांद्यावाल्या साखळीचं प्रिस्टेन उभं असतं, आणि अठरा कार्बनवाल्याच्या मागे तसंच फायटेन. या जोड्यांचे उत्कलनबिंदू जवळजवळचे, त्यामुळे डिझेल नुसतं उडालं तर दोघं बरोबरीने खचतात. जिवाणू मात्र सरळ साखळी आधी उचलतात, फांद्यावाली मागे ठेवतात. ताज्या डिझेलमध्ये सतरावालं उंच असेल, तर काही आठवड्यांनी ते प्रिस्टेनच्या खांद्याखाली गेलेलं दिसेल. हे गुणोत्तर प्रत्येक वेळी लिहून ठेव. प्रिस्टेनही पुढे खाल्लं जातंच, त्यामुळे उशिराच्या टप्प्यात हा पुरावा अपुरा पडतो. कच्च्या तेलासाठी जिवाणूंना सहजी न पचणाऱ्या होपेन या संयुगाचा आधार घेता येतो, डिझेलमध्ये तो सहसा मिळत नाही.

क्रोमॅटोग्रामआधी सिलिका जेलने अर्क साफ केलास तर अर्धवट पचलेली, ध्रुवीय संयुगं तिथेच अडकतात आणि माती आहे त्याहून स्वच्छ दिसते. म्हणून साफ न केलेल्या अर्काचाही एक आकडा ठेव, आणि शेवटच्या मातीत गांडुळं व बियाण्याची उगवण तपासून घे. आकडा उतरूनही बी उगवत नसेल तर काम अपुरं आहे.

सुरुवात जिवाणूंपासून नको. या आठवड्यात फक्त तीन नमुने कर: दहा ग्रॅम माती, मोजून घातलेलं डिझेल, ऑर्थो-टर्फेनिल (अर्क काढताना किती हरवलं हे दाखवणारं खुणेचं संयुग), माती सुटी होईपर्यंत निर्जल सोडियम सल्फेट, आणि हेक्झेन-अ‍ॅसिटोन सम प्रमाणात, द्रावक म्हणून. घातलेल्यातलं किती परत मिळतं ते बघ. तिन्ही आकडे ७० ते १३० टक्क्यांत आणि एकमेकांच्या जवळ आले की मला कळव. मग बरण्या भरायला घेऊ.

तुझं काम नीट व्हावं, या इच्छेसह.