आंतरराष्ट्रीय विकास साहाय्य संस्थेत वरिष्ठ पदापर्यंत पोहोचायला कोणती पदवी लागते?

पदवीने फक्त दार उघडतं. पदव्युत्तर शिक्षण तिथे जवळपास सगळ्यांकडेच असतं. मी अशा प्रकल्पांचे हिशेब तपासते, त्यामुळे वर चढणारी आणि मध्येच अडकलेली, दोन्ही माणसं जवळून पाहिली आहेत.

संयुक्त राष्ट्रांत पी-2, पी-3 करत पी-5 आणि पुढे डी-1, डी-2 अशा श्रेणी आहेत. पी-5साठी साधारण 10 वर्षांचा अनुभव मागतात, पण ती वर्षं कुठे काढली याला जास्त वजन. सगळी नोकरी न्यूयॉर्क-जिनिव्हात झालेला उमेदवार मुलाखतीत लगेच उघडा पडतो. दर काही वर्षांनी बदली होते. काही ठिकाणी कुटुंब नेताच येत नाही, आणि त्यात किती संसार मोडतात ते जाहिरातीत कुणी लिहीत नाही.

वर गेल्यावर निम्मा वेळ देणगीदार देशांची मनधरणी करण्यात जातो. बराचसा पैसा आधीच ठरावीक कामासाठी बांधलेला असतो. अहवालात 'किती हातपंप बसवले' हा आकडा पहिल्याच पानावर असतो. 'दोन वर्षांनी किती चालू आहेत' हा कुठल्यातरी परिशिष्टात, तोही असला तर. आधी परिशिष्ट उघडणारे अधिकारी मला मोजकेच भेटले.

1980 ते 1995 युनिसेफचे प्रमुख असलेले जेम्स ग्रँट राष्ट्रप्रमुखांसमोर खिशातून जलसंजीवनीचं पाकीट काढायचे. 1985मध्ये एल साल्वादोरमध्ये यादवी चालू असताना लसीकरणासाठी काही दिवस बंदुका थांबल्या, त्यात त्यांचा मोठा वाटा होता. मनधरणी करावी तर अशी!

मात्र अगदी वरची खुर्ची बढतीने क्वचितच मिळते. 1947 ते 2022 या काळात नेमलेले युनिसेफचे सगळे प्रमुख अमेरिकन होते. हेलन क्लार्क न्यूझीलंडच्या पंतप्रधान होत्या, तिथून 2009मध्ये थेट यूएनडीपीच्या, म्हणजे संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या, प्रमुख झाल्या. तेव्हा स्वप्न डी-2पर्यंतचंच ठेवा.

आणि नुसता 'डेव्हलपमेंट' हा विषय घेऊन निघू नका. 1961मध्ये सुरू झालेल्या यूएसएड या अमेरिकी सरकारच्या मदत संस्थेचं काम जुलै 2025मध्ये बंद झालं, हजारो अनुभवी माणसं घरी बसली. सार्वजनिक आरोग्य, पाणीपुरवठा, सरकारी वित्त असं बाहेरही खपणारं काहीतरी हातात हवं. संयुक्त राष्ट्रांत तरुणांना घेणाऱ्या जेपीओ (ज्युनियर प्रोफेशनल ऑफिसर) योजनेतून शिरायचं असेल तर आधी पात्रता बघा: पैसे देणारा देश बहुतेक वेळा आपल्याच नागरिकांना घेतो, आणि वयाची अट साधारण 32च्या आसपास असते.