आधी दाखवा, मग छापा

पहिल्यांदाच चित्रकथा करताय, तर माझा एक आग्रह ऐका: एका गोष्टीत एकच सवय. हात धुणं, दात घासणं, लवकर झोपणं असं सगळं कोंबलं की काहीच लक्षात राहत नाही.

हात धुण्याची गोष्ट असेल तर साबण कुठे ठेवलाय, मुलाचा हात तिथे पोचतो का, हे चित्रात दिसू द्या. हात किमान 20 सेकंद चोळायचे असतात, म्हणून त्याला तीन-चार चौकटी द्या: बोटांच्या बेचक्या, नखं, पंजाची मागची बाजू.

रोगजंतूंना शिंगं काढायचा मोह आवरा. लहानगी घाबरतात. माशी पानभर मोठी काढली, तर मोठ्यांना वाटतं, असली माशी आपल्याकडे नाहीच!

आईच सगळ्यांच्या मागे लागलेली नको, बाबाही हात धुताना दिसू देत. चुकणाऱ्या मुलाची फजिती तर अजिबात नको. घरी मग त्याच नावाने चिडवतात, मी पाहिलंय.

कच्ची चित्रं मजकूर झाकून चार-पाच कुटुंबांना दाखवा. ‘आवडलं का?’ नको, ‘इथे काय चाललंय?’ विचारा. उत्तर भलतंच आलं तर समजावत बसू नका, चित्र बदला. पुस्तक घरी गेल्यावर समजवायला तुम्ही तिथे नसणार.