पुठ्ठ्याच्या आतली शिवण बघून घ्या

ताई, तुमचा प्रश्न नीट वाचला. बाबांच्या पंचाहत्तरीला त्यांच्या आवडीची दहा-बारा पुस्तकं हार्डकव्हरमध्ये द्यायची आहेत, हाताशी आठ हजार आहेत. नवी घ्यावीत की जुनी, ऑनलाइन कुणाकडून घ्यावीत, आणि मागच्या वेळी मागवलेलं हार्डकव्हर दुसऱ्याच वाचनात मधोमध का सुटलं, असं तुम्ही विचारलंय. शेवटच्या प्रश्नापासून सुरुवात करतो, म्हणजे बाकीचं आपोआप उलगडेल.

ते सुटलं, कारण ते शिवलेलं नव्हतं. सुट्या पानांच्या गठ्ठ्याला पाठीकडून ग्लू लावून वर जाड पुठ्ठा चढवलेला होता. म्हणजे आत पेपरबॅकच. त्याचे दोन-तीनशे रुपये जास्त देण्यात काही अर्थ नाही.

माझे मामा कोल्हापुरात शाहूपुरीत गुळाच्या अडत्यांचे रोजमेळ आणि खतावण्या, म्हणजे हिशेबाच्या वह्या, बांधायचे. पुस्तक हातात आलं की मुखपृष्ठाकडे ते बघायचेच नाहीत. मधे कुठंतरी उघडायचे, दोन्ही अंगठ्यांनी पानं सपाट दाबायचे आणि घळीत, म्हणजे समोरासमोरची पानं जिथं मिळतात त्या खोबणीत, दोरा शोधायचे. मोठा कागद दोन्ही बाजूंनी छापून तीन घड्या घातल्या की १६ पृष्ठांचा एक फर्मा होतो. चांगल्या बांधणीत असा प्रत्येक फर्मा घडीतून शिवतात आणि मग सगळे फर्मे एकमेकांना ओवतात. म्हणून दर १६ पृष्ठांनी एका ठिकाणी, फर्म्याच्या बरोब्बर मधोमध, पांढऱ्या दोऱ्याचे टाके दिसायलाच पाहिजेत. काही ठिकाणी फर्मा ३२ पृष्ठांचा असतो, तिथं दर ३२ पृष्ठांनी दिसतील.

वरून बघून फसायला होतं, तेही सांगतो. कण्याच्या वरच्या टोकाला रंगीत पट्टी असते, ती बघून लोकांना वाटतं की पुस्तक शिवलंय. आजकाल ती पट्टी नुसती चिकटवतात. फर्म्यांच्या घड्या दिसल्या म्हणूनही खात्री धरू नका, घडीला चिरा पाडून त्यात ग्लू भरायचीही पद्धत आहे. दोरा दिसला तरच शिवलं म्हणायचं. त्यामुळे पैसे देण्याआधी विक्रेत्याला एकच मागणी करा: पुस्तक मधे उघडून जिथं दोरा दिसतो तिथला फोटो पाठवा. ज्याच्या हातात पुस्तक आहे तो दोन मिनिटांत पाठवतो. जो पाठवत नाही त्याच्याकडं मी घेत नाही.

नव्या मराठी पुस्तकांचं म्हणाल तर बहुतेक आता पेपरबॅकमध्येच येतात. हार्डकव्हर निघतं ते मोठ्या ग्रंथांचं, नाहीतर खास आवृत्त्यांचं. अशा वेळी सरळ प्रकाशकाला फोन लावा आणि 'पुस्तक शिवलेलं आहे की पेस्टिंग?' एवढं विचारा. मला आजवर कुणी उडवून लावलेलं नाही. बाबांना इंग्रजी चालत असेल तर एव्हरीमन्स लायब्ररी ही माला बघा. कापडी बांधणी, शिवलेले फर्मे, आणि पिवळं न पडणारा आम्लमुक्त कागद. भेट द्यायला मला त्याहून खात्रीचं नवं पुस्तक ठाऊक नाही.

मोठ्या साइटवरून नवं घेताना आयएसबीएन, म्हणजे पुस्तकावर छापलेला त्याचा ओळख नंबर, जुळवायला विसरू नका. एकाच पुस्तकाच्या हार्डकव्हरचा आणि पेपरबॅकचा आयएसबीएन वेगळा असतो. साइटवर कितीदा तरी फोटो एकाचा आणि माल दुसऱ्याचा, असा घोळ होतो. प्रकाशकाच्या यादीत हार्डकव्हरचा नंबर बघायचा आणि तोच टाकून शोधायचं. २००७ च्या आधीच्या पुस्तकांवर १३ ऐवजी १० आकडी नंबर असतो, तो चुकीचा समजू नका. १९७० च्या आधीच्या पुस्तकांवर तर नंबरच नसतो, तिथं आवृत्ती आणि साल विचारावं लागतं.

एका गोष्टीपासून मात्र लांब राहा. शंभर वर्षांपूर्वीच्या ग्रंथाची 'लेदर बाउंड, सोनेरी अक्षरं' अशी जाहिरात दिसते आणि मोह होतो. आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर ६० वर्षांनी हक्क संपतो, त्यामुळे असा ग्रंथ कुणीही छापू शकतो, त्यात गैर काही नाही. पण यातले बरेच जण कुठली तरी स्कॅन प्रत जशीच्या तशी छापतात. पानं तिरकी, अक्षरं पुसट, आणि घडीचे नकाशे सरळ गायब. बाबा इतिहास वाचणारे आहेत, त्यांना नकाशाशिवायचा ग्रंथ देऊ नका.

आता जुन्या पुस्तकांकडे येतो. तुमच्या जागी मी दहातली सात तरी जुनीच घेईन, कारण त्या काळच्या बऱ्याच पुस्तकांची शिवण आजही पक्की आहे. पण इथं बघून घ्यावं लागतं, आणि ते मी किंमत मोजून शिकलोय.

२०१९ च्या ऑगस्टमध्ये पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट असताना पाणी ५५ फुटांच्या वर गेलं, तेव्हा मामांच्या घरातलं पुस्तकांचं कपाट खालच्या तीन फळ्यांपर्यंत बुडालं. चार दिवसांनी उघडलं तेव्हा पुस्तकं फुगून एकमेकांत अशी अडकली होती की एकेक ओढून काढावं लागलं. तीच पुस्तकं परत जमवायची म्हणून मी ऑनलाइन शोधायला लागलो. पहिल्याच खेपेला एका विक्रेत्यानं 'व्हेरी गुड' म्हणून पाठवलेला जाडजूड ग्रंथ उघडला, तर पानांच्या कडा लाटांसारख्या आणि घळीत बारीक करड्या मातीची रेघ. बोट फिरवलं तर बोटाला माती लागली. कुठल्या तरी पुरातलं पुस्तक वाळवून, जॅकेट बदलून माझ्याकडं पाठवलं होतं. मामांना मी ते दाखवलंच नाही.

तेव्हापासून मी जुन्यासाठी चार फोटो मागतो. दोऱ्याचा सांगितलाच. दुसरा, पुठ्ठा काटकोनात उघडून आतल्या सांध्याचा. पुठ्ठा आणि पुस्तक जिथं जोडलेलं असतं तिथला अस्तराचा कागद फाटून खालची जाळी दिसत असेल तर किंमत निम्म्यावर यायला हवी. तिसरा, पुस्तक बंद करून तिन्ही कडांचा. पाण्याची लाट आणि डाग तिथं लपत नाहीत. चौथा, प्रकाशनाचा तपशील असलेल्या पानाचा. तांबूस ठिपके असले तर मी चालवून घेतो, ते जुन्या कागदाचे असतात. टाचणीएवढी भोकं आणि बारीक भुसा दिसला तर कसर जिवंत आहे असं समजा आणि सोडून द्या.

जुन्या मराठी पुस्तकांत आणखी एक भानगड असते. मूळ पेपरबॅकच, पण वाचनालयानं पुठ्ठा-रेक्झिन घालून बांधलेलं, ते 'हार्डकव्हर' म्हणून विकतात. बाइंडरनं कडा कापून समास खाल्लेला असतो आणि बाजूनं टोचे मारून शिवलेलं असतं, म्हणजे पुस्तक पूर्ण उघडतच नाही, ओळीचा शेवटचा शब्द घळीत जातो. पंचाहत्तरीच्या माणसानं ते दोन्ही हातांनी ताणून वाचायचं का? असं पुस्तक स्वस्त असलं तरी नको. आणि वाचनालयाचा शिक्का असेल तर शेजारी 'रद्द' किंवा 'निर्लेखित' असा शिक्का आहे का विचारा. नसेल तर ते पुस्तक एखाद्या वाचनालयाच्या कपाटातून गेलेलं असू शकतं. मी ते घेत नाही.

परदेशी विक्रेत्यांच्या साइटवर 'गुड' या शब्दाला भुलू नका. तिथं 'फाइन', 'व्हेरी गुड' आणि त्याच्याही खाली 'गुड' येतं, म्हणजे बऱ्यापैकी वापरलेलं पुस्तक. टपालखर्च जबर पडतो, शिवाय २०१९ च्या अर्थसंकल्पात आयात पुस्तकांवर ५ टक्के सीमाशुल्क लागलं. आठ हजारांत हे बसवायचा प्रयत्न करू नका.

इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सअॅपवर जुनी मराठी पुस्तकं विकणारे बरेच आहेत, माझी उत्तमातली उत्तम पुस्तकं तिथूनच आलीत. आगाऊ पैसे मागितले तर एका चिठ्ठीवर तुमचं नाव आणि आजची तारीख लिहून ती पुस्तकावर ठेवून फोटो मागा. प्रत खरोखर त्याच्याकडं आहे हे कळतं. पोस्टानं पाठवणार असेल तर पुस्तकांसाठीच्या 'ज्ञान पोस्ट' सेवेबद्दल विचारा. २०२५ च्या मे महिन्यात ती सेवा सुरू झाली, ३०० ग्रॅमला २० रुपयांपासून ५ किलोला १०० रुपयांपर्यंत, वर कर. वेळ लागतो, पण जड ग्रंथांना परवडते.

पॅकिंगचं आधीच सांगून ठेवा. हार्डकव्हरचे कोपरे चेपतात, नुसत्या बबल रॅपनं ते वाचत नाहीत. दोन्ही बाजूंनी पुस्तकापेक्षा इंचभर मोठे पुठ्ठे आणि आत प्लॅस्टिक, एवढं हवंच. बाबांची पंचाहत्तरी दिवाळीनंतर आहे म्हणताय, मग शक्य तेवढं पाऊस थांबल्यावर मागवा. जुलैत आपल्याकडं पार्सल ओलं न होता येणं अवघड. पार्सल उघडताना व्हिडिओ काढा. आलेलं जुनं पुस्तक पंधरा दिवस बाकीच्या पुस्तकांपासून वेगळं ठेवा, आणि कपाट भिंतीपासून चार बोटं पुढं ओढा, पावसाळ्यात भिंतीची ओल पुठ्ठ्यात शिरते.

मागवण्याआधी अजून एक करा. कोल्हापुरातलं करवीर नगर वाचन मंदिर हे वाचनालय १८५० पासूनचं आहे. तिथं जाऊन बाबांच्या यादीतली पुस्तकं हातात घेऊन बघा. कुठल्या आवृत्तीचं अक्षर मोठं आहे, कुठल्या आवृत्तीत नकाशे आहेत, हे लिहून आणा आणि मग नेमकी तीच आवृत्ती ऑनलाइन शोधा. मामांची अकरा पुस्तकं मी अशीच परत मिळवली. दोन अजून सापडलेली नाहीत.

यादी इथं टाका. विक्रेत्यांचे फोटो आले की तेही टाका, दोरा कुठं शोधायचा ते मी सांगतो.