एका व्हर्च्युअल जगातला अवतार दुसऱ्या जगात का नेता येत नाही? स्टँडर्ड बनवणं एवढं अवघड आहे का?

तुम्ही म्हणताय की जेपीजी फोटो कुठेही उघडतो, मग अवतारालाच, म्हणजे त्या जगात आपल्या जागी वावरणाऱ्या थ्रीडी बाहुल्यालाच, काय धाड भरलीये. मी थ्रीडी मॉडेलिंग करतो, रोजचाच संबंध येतो म्हणून सांगतो.

वस्तूचा आकार इकडून तिकडे नेणं आता बऱ्यापैकी जमतं. पूर्वी मी एक चौरंग केला होता ४५ सेंटीमीटरचा, दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये उघडला तर ४५ मीटरचा आणि शिवाय आडवा पडलेला, कारण एक सॉफ्टवेअर सेंटीमीटर धरतं, दुसरं मीटर, एकात वरची दिशा म्हणजे झेड अक्ष तर दुसऱ्यात वाय. ग्राफिक्सची स्टँडर्ड बनवणाऱ्या क्रोनोस ग्रुप या संस्थेच्या जीएलटीएफ या थ्रीडी फाइल फॉरमॅटने हे ठरवूनच टाकलं, माप मीटरमध्ये, वाय वर, विषय संपला. २०२२ मध्ये त्याला आयएसओचा, म्हणजे आंतरराष्ट्रीय मानक संस्थेचा, शिक्काही मिळाला.

घोडं अडतं ते पुढे. जुलै २००८ मध्ये सेकंड लाइफ हे व्हर्च्युअल जग चालवणारी लिंडेन लॅब आणि आयबीएमने सेकंड लाइफच्या टेस्ट ग्रिडवरून (चाचणीच्या सर्व्हरांवरून) ओपनसिम या दुसऱ्या, मुक्त सॉफ्टवेअरच्या सर्व्हरवर अवतार पाठवून दाखवला. अवतार पोचला, पण कपडे, सामान सगळं मागे राहिलं. सेकंड लाइफमध्ये लोक कपडे बनवून विकतात, त्यावर पोट चालतं काहींचं, आणि तो ड्रेस एकदा परक्या सर्व्हरवर गेला की "कॉपी करायची नाही" ही अट पाळायला लावणार कोण? नंतर आयईटीएफ या इंटरनेटची स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेत या कामासाठी गट बसला, पण लिंडेन लॅबने अंग काढून घेतलं आणि काम अर्धवटच राहिलं. मला याचं अजून वाईट वाटतं.

दुसरं म्हणजे शरीर. मी एका अवतारासाठी नऊवारी केली होती, चालताना, बसताना निऱ्या अगदी छान पडायच्या, तीच साडी दुसऱ्या प्लॅटफॉर्मच्या अवतारावर चढवली तर मांडी घातली की कासोटा मांडीतून आरपार, कारण तिथला सांगाडा, म्हणजे अवताराला हलवणारी आतली हाडं, वेगळा, हाडांची संख्या वेगळी, कमरेची उंची वेगळी.

या दोन्ही गोष्टींना हात घालणारा फॉरमॅट म्हणजे जपानचा व्हीआरएम, २०१८ चा, जीएलटीएफवरच उभा आहे. त्यात माणसाच्या हाडांची नावं ठरलेली आहेत, आणि हा अवतार कोणी वापरायचा, धंद्यासाठी चालेल का, मारामारीत चालेल का, हे बनवणारा फाइलमध्येच लिहून ठेवतो. ती अट सर्व्हर पाळेलच असं नाही, पण निदान लिहिलेली तरी सोबत जाते, २००८ मध्ये तेवढंही नव्हतं.

तुम्हाला यात उतरायचं असेल तर जीएलटीएफ आणि व्हीआरएम दोन्हींचे स्पेक, म्हणजे नियमांचे दस्तऐवज, फुकट वाचायला मिळतात, आधी हाडांचा भाग वाचा.