आईच्या स्मरणार्थ काय करावं? ढाल नको, १७ नंबरचा फॉर्म भरा

तुमची आई शिक्षिका होती, वस्तीत काम करायची. पुढच्या महिन्यात तिचं वर्षश्राद्ध आहे आणि दहावीला पहिल्या येणाऱ्या मुलीसाठी तिच्या शाळेत ढाल आणि रोख बक्षीस ठेवावं असं घरात चाललंय. ते योग्य होईल का, असं तुम्ही विचारलंय. मला नाही वाटत. पहिला नंबर आलेल्या मुलीला शोधायला तुमची आई घराबाहेर पडत नसणार. माझीही पडत नव्हती.

माझी आई महापालिकेच्या शाळेत गणित शिकवायची. शाळा सुटली की घरी येऊन चहा, आणि पुन्हा चपला घालून पर्वतीच्या जनता वसाहतीत. तिथल्या समाजमंदिरात ती बायकांचा दहावीचा वर्ग घ्यायची. धुणंभांडी, पोळ्यांची कामं आटोपून आलेल्या बायका. कुणाची शाळा सातवीत सुटलेली, कुणाची लग्न ठरलं म्हणून नववीत. १९७२च्या दुष्काळात गाव सोडून पुण्यात आलेल्या घरांमधल्या लेकीसुना त्यांत बऱ्याच असायच्या.

शिकवणं हा त्यातला सोपा भाग. खरी अडचण शाळा सोडल्याच्या दाखल्याची. बाहेरून दहावीला बसायचं तर राज्य मंडळाचा १७ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. पाचवी पास आणि वयाची १४ वर्षं पूर्ण, एवढ्याच मुख्य अटी; पण दाखला लागतो आणि तो असतो गावच्या शाळेत. गावी जायचं म्हणजे कामावर खाडे, एसटीचं भाडं, आणि सासरी कारण काय सांगायचं हा प्रश्न वेगळाच. म्हणून आई स्वतः मुख्याध्यापकांना पत्र लिहायची. बाईचं माहेरचं नाव, वडिलांचं नाव, अंदाजे कोणत्या साली कोणत्या इयत्तेत होती, जनरल रजिस्टरमध्ये शोधायला सोपं जावं म्हणून त्याच शाळेत शिकलेल्या भावंडांची नावं, आणि सोबत तिकीट लावलेलं परतीचं पाकीट. उत्तर आलं नाही की दुसरं पत्र. तरीही नाही आलं तर गटशिक्षणाधिकाऱ्यांना. दाखला आला की तो बाईच्या हातात देऊन म्हणायची, "मोठ्याने वाच." माहेरचं नाव इतक्या वर्षांनी कागदावर बघून काहीजणींना पुढे वाचवायचं नाही.

गणिताची भीती तिने कशी घालवली तेही सांगते, कारण असं शिकवणं मी पुन्हा कुठे पाहिलं नाही. सरळव्याजाचं सूत्र ती फळ्यावर लिहायचीच नाही. विचारायची, "गटातून हजार रुपये उचलले, शेकडा दोनने. वर्षाने व्याज किती?" बचत गटात बसणाऱ्या बायका तोंडीच सांगायच्या, महिन्याचे २०, वर्षाचे २४०. मग ती मुद्दल, दर आणि मुदत हे तीन शब्द लिहायची आणि म्हणायची, "हे तुम्हाला येतंच होतं, फक्त पुस्तकात कसं लिहितात ते बघा."

निकाल लागला की सगळ्याजणी दगडूशेठला जायच्या. दर्शन झालं की आई त्यांना रस्त्यापलीकडच्या पडक्या भिडे वाड्यासमोर उभं करायची. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ साली मुलींची शाळा काढली ती इथे, आणि १८५५ साली त्यांनी कष्टकऱ्यांसाठी रात्रशाळाही काढली, असं सांगायची. बायका वर्षानुवर्षं त्याच रस्त्याने देवदर्शनाला येत होत्या, आणि तो वाडा कसला हे त्यांना कुणीच सांगितलं नव्हतं. २०२३च्या डिसेंबरात तो वाडा पाडला गेला, स्मारकासाठी. ते बघायला आई नव्हती.

आता बक्षिसाबद्दल. ठेवीच्या व्याजातून द्यायच्या बक्षिसाचं मोल महागाईत दरवर्षी घटत जातं. पन्नास वर्षांपूर्वी हजार रुपये ठेवून सुरू केलेल्या पारितोषिकातून आज जेमतेम वहीपेन्सिल येते. शिवाय पहिल्या आलेल्या मुलीला चार ठिकाणी सत्कार असतातच. परीक्षा फी, गाईडं आणि परीक्षेच्या दिवसांत बुडणारा पगार यांपायी जिचं वर्ष वाया जातं, तिच्यासाठी कुणी ढाल ठेवत नाही. आई त्या दिवसांत बायका जिथे कामाला असायच्या त्या घरी जाऊन मालकिणींना भेटायची आणि पगारी सुट्टी मागायची. बहुतेकजणी द्यायच्या. विचारायला कुणीतरी जावं लागतं, एवढंच.

आम्ही भावंडांनी ठेव केली नाही. दरवर्षी वर्गणी काढतो आणि त्याच वर्षी खर्च करून टाकतो: फॉर्म, फी, पुस्तकं, खाड्यांची भरपाई. धाकटी बहीण इंग्रजी घेते, मी भूमिती. आईसारखं मला जमत नाही, पण वर्ग बंद पडलेला नाही, आणि मला त्याचा फार आनंद आहे.

तुमची आई मुलांमध्ये काम करत असेल तर शाळाबाह्य मुलांचं बघा. २०१० पासून लागू असलेल्या शिक्षणहक्क कायद्याने ६ ते १४ वयाच्या मुलाला वयानुरूप वर्गात प्रवेश मिळतो, आणि दाखला किंवा जन्माचा पुरावा नाही म्हणून शाळेला तो नाकारता येत नाही. पालकांना हे माहीत नसतं. एखाद्या आईबरोबर तुम्ही शाळेत गेलात तरी मोठं काम होतं.

आणि १७ नंबरचं काम हाती घेणार असाल तर वर्षश्राद्धाची वाट बघू नका. फॉर्मची मुदत दरवर्षी मंडळाच्या संकेतस्थळावर जाहीर होते आणि ती संपली की विलंब शुल्क पडतं. आईच्या वस्तीतल्या बायकांकडे याच आठवड्यात जा, कुणाकुणाला बसायचंय ते विचारा आणि दाखल्यांची पत्रं आधी टाका.